नोव्हा स्कोशिया : वस्तू जिथे घडते तिथे जाऊन केलेली खरेदी

नोव्हा स्कोशियात खरेदी कुठे करावी हे ठरवण्याआधी ती कोणत्या वारी करावी हे ठरवावे लागते, कारण तिथला सर्वांत जुना आणि सर्वांत भरीव बाजार शनिवारी सकाळी रंगतो आणि दुपार कलली की ओसरू लागतो. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा हा प्रांत चिग्नेक्टोची चिंचोळी पट्टी सोडली तर चहूकडून पाण्याने वेढलेला आहे. त्याच्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःचा असा एक हुन्नर आहे. म्हणून आम्ही मॉलची यादी केली नाही, तर कोणती वस्तू कोणत्या गावी घडते याची यादी केली आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिच्या मागोमाग प्रवास केला. माझे पती, हॅलिफॅक्सला डलहौसी विद्यापीठात शिकणारा माझा भाचा आणि मी असे तिघे होतो. गाडी भाचा चालवत होता.

शनिवार : हॅलिफॅक्स

हॅलिफॅक्स शहर १७४९ मध्ये वसवले गेले आणि पुढच्याच वर्षी तिथला शेतकरी बाजार सुरू झाला. १७५० पासून तो खंड न पडता भरत आला आहे आणि उत्तर अमेरिकेतला असा सर्वांत जुना बाजार म्हणून ओळखला जातो. त्याची जागा अनेकदा बदलली. सध्या तो बंदराच्या धक्क्यावर, पिअर २१ या स्थलांतरितांच्या संग्रहालयाच्या परिसरात भरतो. भाजी, पाव, चीज, मध यांच्या बरोबरीने कुंभार, विणकर आणि लाकूडकाम करणारे कारागीरही तिथे स्वतः मांडामांड करून बसतात. विकणारा बहुतेक वेळा घडवणाराच असतो, त्यामुळे ‘हे तुम्ही कुठे आणि कसे केले?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही. या प्रश्नाचे उत्तर सविस्तर मिळाले तर वस्तू घ्यावी आणि अडखळत मिळाले तर पुढे जावे, हा नियम मी पहिल्याच सकाळी करून टाकला आणि तो शेवटपर्यंत उपयोगी पडला.

या बाजाराशी जोडलेली एक परंपरा प्रत्येक प्रवाशाने समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. शहराजवळच्या प्रेस्टन भागात कृष्णवर्णीय समाजाची जुनी वस्ती आहे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. या समाजातल्या स्त्रियांनी लाल मेपलच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या काढून टोपल्या विणण्याची कला पिढ्यानपिढ्या जपली आणि त्या टोपल्या हॅलिफॅक्सच्या बाजारात आणून विकल्या. ईस्ट प्रेस्टनच्या एडिथ क्लेटन (१९२०–१९८९) या त्यांच्यातल्या सर्वांत नामवंत विणकर होत्या. अशी टोपली आज सहज हाती लागत नाही. मिळाली तर तिची किंमत घासाघीस न करता द्यावी, कारण झाड निवडण्यापासून पट्टी सोलण्यापर्यंतचे सगळे काम विणण्याच्या आधी संपलेले असते.

दुपारी आम्ही फेरीने बंदर ओलांडून डार्टमथला गेलो. ही फेरी १७५२ पासून चालू आहे. तिकीट शहर बसच्याच दराचे आहे आणि पाण्यातून हॅलिफॅक्सचा धक्का जसा दिसतो तसा तो कोणत्याही महागड्या सहलीतून दिसणार नाही. पलीकडे उतरताच अल्डर्नी लँडिंगची इमारत लागते आणि तिच्या मागच्या रस्त्यांवर लहान दुकाने आहेत. हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरच्या दुकानांपेक्षा तिथे निवांतपणे पाहता येते. मोठे मॉलही शहरात आहेत, परंतु तिथे मिळणारे पुण्यातही मिळते.

कराविषयी इथेच सांगून ठेवते. फळीवर लावलेल्या किमतीत कर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढवला जातो. नोव्हा स्कोशियात हा एकत्रित कर १ एप्रिल २०२५ पासून १५ टक्क्यांवरून १४ टक्के झाला आहे. परदेशी प्रवाशांना हा कर परत देण्याची योजना कॅनडाने २००७ मध्येच बंद केली, तेव्हा विमानतळावर परताव्याची खिडकी शोधण्यात वेळ घालवू नये. मात्र रोजच्या शिध्यातल्या पदार्थांवर, मेपलच्या पाकासह, हा कर लागत नाही आणि छापील पुस्तकांवर पाचच टक्के लागतो. शिवाय ज्याची वार्षिक विक्री ३०,००० डॉलरच्या आत आहे अशा लहान विक्रेत्याला करनोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे बाजारातल्या अनेक कारागिरांकडे सांगितलेली किंमत हीच अंतिम किंमत असते. रोख पैसे दिल्यास रक्कम जवळच्या पाच सेंटला गोल केली जाते, कारण एक सेंटचे नाणे २०१३ मध्ये चलनातून काढून घेतले गेले.

रविवार : हॅलिफॅक्सचा उत्तर भाग

रविवारी दुकाने उघडी असणे ही या प्रांतात अलीकडची गोष्ट आहे. २००६ च्या ऑक्टोबरपर्यंत बहुतेक मोठ्या दुकानांना रविवारी बंदी होती. लहान गावांत त्या सवयीचा अंश अजून आहे, त्यामुळे रविवार आम्ही मुद्दाम शहरासाठी राखला होता.

सकाळी हायड्रोस्टोन मार्केटला गेलो. ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेले ‘माँ ब्लां’ हे जहाज दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बंदरात पेटले आणि त्याच्या स्फोटात शहराचा उत्तर भाग उद्ध्वस्त झाला. सुमारे २,००० माणसे मृत्युमुखी पडली. बेघरांसाठी सिमेंटच्या ठोकळ्यांची जी वसाहत उभी राहिली तिचे नाव हायड्रोस्टोन. यंग रस्त्यावरची तिथली दुकानांची रांग लहान आहे. घरगुती वस्तू, दागिने, लोकर, पाव असे पाहत दोन तास सहज जातात. ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याला ती एक टुमदार पेठ वाटेल, म्हणून आधी बंदराच्या बाजूचे स्मारक पाहून मग तिथे जावे.

दुपार आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियामध्ये मॉड लुईस यांच्या घरासमोर गेली. डिग्बीजवळच्या मार्शलटाउनमध्ये राहणाऱ्या या बाईंचे हात संधिवाताने आखडलेले होते. एका खोलीच्या घराच्या भिंती, दारे, चूल, पाट्या असे सगळे त्यांनी रंगवले. ते घर आता अख्खेच संग्रहालयात आणून ठेवले आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारवाल्यांना त्या दोन-तीन डॉलरला, पुढे पाच डॉलरला चित्र विकत. १९७० मध्ये त्या गेल्या आणि २०२२ मध्ये त्यांचे काळ्या ट्रकचे एक चित्र लिलावात ३,५०,००० डॉलरला गेले. संग्रहालयाच्या दुकानात त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती आणि पत्रे मिळतात आणि ती घेण्यासारखी आहेतही. परंतु त्यांच्या घरासमोर उभे राहिल्यावर मला असे वाटले की आज जिवंत असलेल्या लोककलावंताचे एक लहानसे मूळ काम विकत घेणे हा त्यांच्या स्मृतीचा अधिक खरा मान आहे. त्या दृष्टीने पुढच्या दोन दिवसांची वाट पाहिली.

सोमवार : अप्पर टँटॅलॉन, पेगीज कोव्ह, माहोन बे

हॅलिफॅक्सहून दक्षिण किनाऱ्याकडे जाताना अप्पर टँटॅलॉनला अकेडियन मेपल यांचे दुकान लागते. मेपलचा पाक झाडाच्या रसापासून होतो. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठणारी आणि दिवसा वितळणारी थंडी असते तेव्हाच रस वाहतो, आणि साधारण ४० लिटर रस आटवल्यावर एक लिटर पाक हाती लागतो. कॅनडात त्याचे वर्गीकरण रंगावरून होते : सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद. दर्जा सगळ्यांचा सारखाच असतो, फरक चवीचा असतो. धिरड्यावर किंवा दह्यात घालायला अंबर चांगला. खीर, शिरा किंवा लाडू यांत घालायचा असेल तर गडद घ्यावा, कारण सोनेरी पाकाची नाजूक चव तूप-वेलदोड्यापुढे टिकत नाही. काचेच्या मेपलपानाच्या आकाराच्या बाटल्या दिसायला सुरेख असतात, परंतु दूरच्या प्रवासाला पत्र्याचा डबाच बरा. डबा मोठ्या सामानातच ठेवावा, १०० मिलिलिटरवरचा पाक हातातल्या सामानात चालत नाही.

पेगीज कोव्हचे १९१५ चे दीपगृह आणि त्याखालचे ग्रॅनाइटचे खडक यांच्यासाठी तिथे जावे, खरेदीसाठी नव्हे. काळ्या पडलेल्या ओल्या खडकांवर पाय ठेवू नये, ही तिथली सूचना अक्षरशः पाळावी.

माहोन बे हे गाव किनाऱ्यालगत ओळीने उभ्या असलेल्या तीन चर्चसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या मुख्य रस्त्यावर एमॉस प्यूटर यांची १९७४ पासून चालू असलेली कार्यशाळा आहे. प्यूटर हा मुख्यतः कथलाचा मिश्रधातू. पूर्वी त्यात शिसे घालत, आता घालत नाहीत. तो अडीचशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे ओतकाम पाहणाऱ्यांच्या समोर करता येते. वितळलेला धातू साच्यात पडतो, थोड्याच वेळात घट्ट होतो आणि मग घासून-पुसून त्याला रुपेरी झळाळी येते. आम्ही दोन लहान वाट्या आणि नाताळच्या झाडाला टांगायचा त्या वर्षाचा नवा नमुना घेतला. हे भांडे चुलीवर ठेवायचे नाही एवढे घरी सांगून ठेवावे लागते, एरवी त्याची निगा सोपी आहे.

मंगळवार : लुनेनबर्ग

लुनेनबर्ग १७५३ मध्ये जर्मन, स्विस आणि फ्रेंच प्रॉटेस्टंट वसाहतकारांसाठी आखून वसवले गेले. १९९५ पासून त्याचा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. ‘ब्लूनोज’ हे शिडाचे जहाज १९२१ मध्ये इथेच पाण्यात उतरले आणि कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून शिडाचे जहाज आहे. त्यामुळे सर्वांत स्वस्त आठवण आपल्या खिशात आधीच असते. भाचा हसून म्हणाला, “मावशी, मुलांना हीच नाणी वाट.” आणि ती खरोखरच वाटायला घेतली.

माँटेग्यू आणि लिंकन या दोन समांतर रस्त्यांवर दालने आणि दुकाने आहेत. ऑगस्टमध्ये लोककलेचा उत्सव भरतो, परंतु एरवीही रंगवलेले लाकडी पक्षी, मासे, बोटी पाहायला मिळतात. दोन सारखे दिसणारे पक्षी शेजारी ठेवून पाहावेत. हाताने कोरलेल्यांत चोच, मान, रंगाची कड यांत फरक सापडतो आणि साच्यातून काढलेल्यांत सापडत नाही. तळाशी कलावंताची सही आणि वर्ष पाहून आम्ही किनाऱ्यावर धावणाऱ्या एका पक्ष्याची प्रतिकृती घेतली. तिथल्या मत्स्य संग्रहालयाच्या दुकानात मासेमारीच्या इतिहासावरची पुस्तके उत्तम आहेत. मांसाहारी मंडळींसाठी खारवलेल्या हेरिंगचे ‘सॉलोमन गंडी’ आणि शाकाहारींसाठी जवळच्या टँकुक बेटाच्या परंपरेतली आंबवलेली कोबी, असे जर्मन वळणाचे पदार्थ या भागात मिळतात. कोबी आम्ही तिथेच खाऊन संपवली.

बुधवार : वुल्फव्हिल आणि ग्रँड-प्रे

किनारा सोडून प्रांताची रुंदी ओलांडली की अ‍ॅनापोलिसचे खोरे लागते. सप्टेंबरअखेर ते सफरचंदांनी भरलेले असते. वुल्फव्हिलच्या अलीकडे ग्रिनिच इथे शेतांवरचीच मोठी दुकाने आहेत आणि कित्येक बागांत आपल्या हाताने फळे तोडून वजनावर पैसे देता येतात. ताजी फळे रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय भारतात आणता येत नाहीत, म्हणून सफरचंदे वाटेत खाण्यापुरती आणि आटवून केलेल्या मुरंब्याची बाटली घरासाठी, असा हिशेब ठेवला. ग्रँड-प्रेजवळ ‘जस्ट अस!’ ही कॉफी भाजणारी सहकारी संस्था आहे. उत्पादकाला रास्त भाव देणाऱ्या कॉफीचा कॅनडातला हा पहिला उद्योग, १९९५ पासूनचा. द्राक्षमळ्यांची ‘टायडल बे’ ही पांढरी वाइन २०१२ पासून ठरलेल्या निकषांवर, याच प्रांतातल्या द्राक्षांपासून केली जाते.

ग्रँड-प्रे इथे खरेदी थांबवून आम्ही बराच वेळ बांध पाहत उभे राहिलो. फंडीच्या उपसागराची भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. अकेडियन म्हणवणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांनी तिला बांध घालून ही जमीन मिळवली. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना जहाजांत भरून देशोधडीला लावले. पुढे परतलेल्यांना ही शेते मिळाली नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी केप ब्रेटन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर शेटिकँप वसवले, आणि आमच्या प्रवासातली सर्वांत मोलाची खरेदी तिथेच व्हायची होती.

गुरुवार : मिलब्रुक आणि पिक्टू

ट्रूरो हे स्टॅनफील्ड्स यांच्या लोकरी अंतर्वस्त्रांचे गाव. हा उद्योग १८५६ चा, आणि हॅलिफॅक्सच्या विमानतळाला ज्यांचे नाव आहे ते माजी मुख्यमंत्री रॉबर्ट स्टॅनफील्ड याच घराण्यातले. थंडीत हिमालयात जाणाऱ्यांनी यांचा एक जोड अवश्य घ्यावा.

ट्रूरोच्या शेजारी मिलब्रुक ही मिगमाक लोकांची वस्ती आहे. तिथल्या सांस्कृतिक केंद्रात दुकानही आहे. मिगमाक हे या भूमीचे मूळ रहिवासी. भूर्जाच्या कुळातल्या बर्चच्या सालीवर साळिंदराचे काटे गुंफून नक्षी उठवण्याची त्यांची कला शतकानुशतकांची आहे. काटा रंगवतात, भिजवून मऊ करतात, सालीला पाडलेल्या छिद्रांतून त्याची दोन्ही टोके आत घालतात; साल आवळली की काटा पक्का बसतो. तळहातावर मावणाऱ्या डबीलाही अनेक दिवस लागतात. टोपल्यांसाठी अ‍ॅशचा ओंडका कुटून त्याची वर्षवलये पट्ट्यांसारखी सुटी करतात. काळा अ‍ॅश आता दुर्मीळ झाल्याने त्या टोपल्याही दुर्मीळ होत आहेत. धक्क्यावरच्या दुकानांत ‘आदिवासी शैलीच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी कित्येक कुठून आल्या हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. इथे मात्र करणाऱ्याचे नाव विचारता येते. मी काट्यांच्या कर्णफुलांचा एक जोड घेतला आणि ज्यांनी तो केला त्यांचे नाव माझ्या वहीत लिहून ठेवले.

पिक्टूला १७७३ मध्ये ‘हेक्टर’ जहाजातून स्कॉटिश लोक उतरले. आज तिथे ग्रोमन यांच्या सुऱ्यांचा कारखाना आहे. कामगार पाते घासताना आणि मुठी बसवताना पाहायचे असेल तर कामाच्या दिवशी जावे. माझ्या पतींनी स्वयंपाकघरातली एक लहान सुरी घेतली. ती अर्थातच विमानात जमा करायच्या सामानात गेली.

शुक्रवार : अँटिगोनिश ते सेंट अ‍ॅन्स

अँटिगोनिशला आम्ही चहापुरते थांबलो, पण महाराष्ट्रातल्या माणसाने तिथे थांबावे असे खास कारण आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठातल्या मोझेस कोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना आणि खाणकामगारांना सहकाराचे धडे दिले. अभ्यासमंडळे निघाली, पतसंस्था आणि सहकारी भांडारे उभी राहिली. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ पाहत वाढलेल्या आम्हाला ते ओळखीचे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी शेटिकँपचे दुकान पाहताना या थांब्याचा अर्थ अधिक कळला.

१९५५ चा कॅन्सो कॉजवे ओलांडून केप ब्रेटन बेटावर गेलो. सेंट अ‍ॅन्स इथे १९३८ मध्ये स्थापन झालेले गेलिक या स्कॉटिश लोकांच्या जुन्या भाषेचे महाविद्यालय आहे. त्याच्या दुकानात नोव्हा स्कोशियाच्या टार्टनचे गळपट्टे, शाली आणि घागऱ्यासारखे किल्ट मिळतात. हे चौकटीचे कापड १९५३ मध्ये बेसी मरे यांनी ट्रूरोच्या एका कृषी प्रदर्शनासाठी केलेल्या भित्तिचित्रातून पुढे आले : निळा समुद्राचा, हिरवे अरण्याचे, पांढरा फेसाचा आणि ग्रॅनाइटचा, बारीक सोनेरी आणि लाल रेघा राजसनदेच्या व बोधचिन्हातल्या सिंहाच्या. गळपट्टा घेताना लोकर किती टक्के आहे हे पट्टीवर वाचावे, कारण कृत्रिम धाग्याचे पट्टेही त्याच चौकटीत सर्वत्र मिळतात. पुढे कॅबट ट्रेल या रस्त्यावर मातीकाम, काच आणि चामडे यांच्या कार्यशाळा घरांना लागूनच आहेत. पाटी दिसली की थांबावे, कारण पुढच्या वळणानंतर परत फिरणे होत नाही.

शनिवार : शेटिकँप

डोंगरमाथा उतरून शेटिकँपला पोचलो तेव्हा समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता. इथले गालिचे गोणपाटावर आकडीने लोकरीचे फासे वर ओढून केलेले असतात. जुन्या काळी स्त्रिया फाटक्या कपड्यांच्या चिंध्या वापरत, आपल्या गोधडीसारख्याच गरजेतून. १९२० च्या दशकात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या कुटुंबाशी संबंधित लिलियन बर्क या कलावतीने त्यांना मऊ लोकर, सौम्य रंग आणि नवे नमुने दिले आणि गालिचे न्यूयॉर्कला विकले जाऊ लागले. पुढे विणणाऱ्या स्त्रियांना मोबदला कमी वाटू लागला तेव्हा त्यांनी आपला माल आपणच विकायला सुरुवात केली. गावातल्या सहकारी हस्तकला भांडारात आजही तो मिळतो.

आधी ‘ले त्र्वा पिन्याँ’ हे संग्रहालय पाहावे. एलिझाबेथ लेफोर्ट (१९१४–२००५) यांची कामे तिथे आहेत. लोकरीच्या फाशांनी त्यांनी माणसांचे चेहरे उभे केले, आणि त्यांच्या कलाकृती व्हॅटिकन, बकिंगहॅम राजवाडा आणि व्हाइट हाउसपर्यंत गेल्या. ते पाहून मग भांडारात जावे, म्हणजे हात आपोआप गालिच्याची मागची बाजू उलटून पाहतो. पाठीमागेही नक्षी तितकीच स्पष्ट, फासे एका उंचीचे आणि दाट, गोणपाट कुठेही उघडा न पडलेला, असे असेल तर काम उत्तम. चहाच्या पेल्याखालच्या चकतीपासून भिंतीवरच्या चित्रापर्यंत सर्व आकार होते. आम्ही बोटी आणि घरे असलेला एक मध्यम गालिचा घेतला. प्रवासातली ती सर्वांत महाग वस्तू ठरली, आणि पहिल्या शनिवारी हॅलिफॅक्सला हात आखडता घेतल्यामुळेच ती घेता आली. या वाटेने जाणाऱ्यांनी खर्चाची निम्मी रक्कम शेटिकँपसाठी राखावी, असे मी आग्रहाने सांगेन.

रविवार : परतीचा रस्ता

शेटिकँपहून विमानतळापर्यंत साडेचार-पाच तासांचा रस्ता आहे. वाटेत नवी खरेदी केली नाही. जिवंत लॉब्स्टर प्रवासासाठी खोक्यात बांधून देणारे विक्रेते हॅलिफॅक्समध्ये आहेत, परंतु भारतापर्यंतच्या प्रवासात त्यांचा उपयोग नाही. कॅनडातल्याच नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी तो विचार करावा. सामान बांधताना मेपलचे डबे पिशवीत घालून कपड्यांच्या मधोमध ठेवले, प्यूटरच्या वाट्या मोज्यांत गुंडाळल्या आणि लाकडी पक्षी हातातल्या पिशवीत घेतला. गालिचा मात्र घडी घालून ठेवू नये. घडीवर गोणपाट मोडतो. नक्षीची बाजू बाहेर ठेवून त्याची सैल गुंडाळी करावी, वरून सुती कापड बांधावे आणि घरी पोचल्यावर लगेच सपाट पसरावा, असे भांडारातल्या बाईंनी सांगितले होते. तसेच केले आणि एकही फासा हलला नाही.